बत्तीसने भागल्यावर

(परळच्या गल्लीतला कुशाबाचा गणपतीचा कारखाना. दुपारची वेळ. पॅकिंगवाला आल्विन बरेच दिवस इकडे फिरकला नव्हता, आणि आज आला तो भांडायलाच. कुशाबाची लेक अक्षदा कॉलेजातून थेट इथे आली आहे, आणि कशाला आले असं तिला झालं आहे.)

आल्विन: बोल ना आता! सगळ्या गल्लीत सांगत फिरलास, आल्विनच्या पेटीने गणपतीचा हात तोडला. माझ्या तोंडावर सांग.

कुशाबा: सांगतंय की! ह्यूस्टनच्या मंडळवाल्यांनी पेटी उघडली, तर उजवो हात मनगटापासून खाली. आशीर्वादाचो हात, आल्विन! खंडित मूर्ती कोण पुजतलो? बोटीत बसान आख्खा पाणी ओलांडून गेलो, नि बसण्याआधीच त्याचा विसर्जन.

आल्विन: माझ्या पेटीतून काचेची झुंबरं गेली, मॅन. एक लोलक नाय तुटला.

कुशाबा: झुंबराचा माका काय? तुझ्याच त्या धक्के मोजूच्या यंत्रान सांगितला ना? पाटाक चिकटवलेल्या?

आल्विन: यंत्र सत्त्याण्णव बोलला. दहा जी तू बोललास.

कुशाबा: मी नाय, माझ्या लेकीन काढला. कॉलेजात फिजिक्स शिकवता ती. सांग गो ह्याका.

अक्षदा: बाबा, तू आधी बस.

कुशाबा: बसूचा काय त्यात? दहा जी म्हणजे काय, ता सांग ह्याका.

अक्षदा: एक जी म्हणजे वस्तूचं स्वतःचं वजन. दहा जीचा धक्का बसला, की तेवढ्या क्षणापुरती ती वस्तू दहापट जड होते.

कुशाबा: ऐकलंस? दहापट! दगडाचो हातपण तुटात.

आल्विन: पण माझा फोम आत पाचच्या वर जाऊच देत नाय! मग दहा आले कुठून? बाय, तू परत कर ना हिशोब. माझ्यासमोर कर. ह्याच्यामुळे गल्लीतले तीन कारखाने माझ्याकडून सुटले.

अक्षदा: केलाय मी परत, अंकल. काल रात्री केला.

कुशाबा: मग?

अक्षदा: यंत्र अमेरिकेचं आहे. ते फुटात मोजतं. सत्त्याण्णव फूट प्रतिसेकंद वर्ग. फुटाला बत्तीसने भागायचं असतं. मी नऊ पूर्णांक आठने भागलं. ते मीटरचं. आम्हाला रात्रंदिवस मीटरचीच सवय. तू फोनवर घाई करत होतास, आणि मी तोंडाला आलं ते सांगून मोकळी झाले.

कुशाबा: बत्तीसान भागला तर किती?

अक्षदा: तीन.

आल्विन: तीन! बघितलंस? तीन! तीन म्हणजे काय, टेम्पो खड्ड्यात गेला तरी होतात तीन. माझी पेटी चांगली होती. आता जा, सांग त्या गल्लीत. आणि जोरात सांग, मॅन, जसं तेव्हा सांगितलंस.

कुशाबा: थांब रे. तीन जी म्हणजे... हात अर्ध्या किलोचो. म्हणजे दीड किलो झालो?

अक्षदा: क्षणभर. हो.

कुशाबा: दीड किलो? गो, लोक त्या मनगटाक चार-चार किलोचे हार अडकवतत. दहा दिवस अडकवतत. माझो हात नाय तुटत. आजवर नाय तुटलो कधी.

अक्षदा: बाबा...

कुशाबा: तुझा आता तरी बरोबर आसा कशावरून?

अक्षदा: चारदा केलंय. चुकलं असतं तर बरं झालं असतं.

आल्विन: कुशा, शाडू कधीकधी आतून...

कुशाबा: माका शाडू शिकवतंस तू? आतून ओलो रवलो, वर रंग बसलो, की भेग आतल्या आत पडता. पोरगोपण सांगीत. म्हणून तर मी रंगवण्याआधी प्रत्येक हात चाचपतंय. ओलो असलो की गार लागता. त्याकपण लावलेलंय हात. गार नव्हतो.

अक्षदा: बाबा, हे बोटाला काय झालंय?

कुशाबा: खंय?

अक्षदा: हे. दोन्ही बोटांना. फोड आलाय, फुटलाय पण.

कुशाबा: चहाचो टोप उतरवलंय सकाळी. तेव्हा लागला आसात.

अक्षदा: आणि तुला कळलंच नाही? मी आता दाबतेय तिथे. दुखतंय का?

कुशाबा: दाब तरी.

अक्षदा: दाबतेय, बाबा.

आल्विन: साखरेने होतं असं. माझ्या बायकोच्या, लिलीच्या पायाचं असंच झालं होतं. चप्पल गेली तरी समजायचं नाय तिला.

कुशाबा: औषध घेतंय मी साखरेचा. रोज घेतंय.

आल्विन: घेतोस रे. तरीपण होतं.

अक्षदा: मी शेजारी राहून इतके दिवस बघितलं नाही. मलाच दिसायला हवं होतं.

आल्विन: ए कुशा. ऐक. दहाच राहू दे.

कुशाबा: काय?

आल्विन: आकडा. दहाच राहू दे. पेटीचा एक खिळा सैल होता, सांगतो मी सगळ्यांना. माझी पेटी आज नाय तर उद्या कोणीपण घेईल. तुझ्या हाताबद्दल एकदा बोललं गेलं ना गल्लीत, तर...

कुशाबा: आणि पुढच्याचो हात तुटलो की? तेव्हा खिळो कोणाचो सैल म्हणूचो?

आल्विन: तेव्हाचं तेव्हा बघू.

कुशाबा: नाय. उद्या मी स्वतः सांगतलंय, पेटी चांगली होती. तुका बोललंय ता चुकला माझा. डोळ्यांनी नाय का समजणार रे सुकलेला? रंगावरून?

आल्विन: वरचं समजेल. आतलं?

कुशाबा: आतला नाय.

अक्षदा: डॉक्टरकडे जाऊ आपण. आजच जाऊ.

कुशाबा: जाऊया. परत येतली काय बोटांक समज?

अक्षदा: विचारू त्यांना.

कुशाबा: तुका ठाऊक आसा. तू आकडे काढूक शिकलंस, तोंड लपवूक नाय. अक्षदा, इकडे ये. हो गणपती बघ, आज रंगवूक घेतलंय मी. ह्याच्या मनगटाक हात लाव.

अक्षदा: लावला.

कुशाबा: माका सुकलेलो वाटलो. तुका?

अक्षदा: गार आहे, बाबा.

कुशाबा: त्याच्या बाजूचो?

अक्षदा: तो पण.

आल्विन: कुशा, बस झालं रे. उद्या बघ बाकीचे.

कुशाबा: नाय, सगळ्यांक लाव. त्या फळीवरच्यांक पण. फक्त एकेकाचा सांगू नको माका. सगळे झाले की एकदाच सांग.