तिसऱ्या मजल्यावरची खिडकी

मुलगी : ...पायाला धरून आत ओढला, बाबा. दुसरं काही हाती लागलंच नाही.

आई : अगं बाई! तू कुठं होतीस?

मुलगी : दूध उतू जात होतं. गॅस बंद करून वळते, तर हा पोरगा पेटीवर चढून खिडकीत. अर्धा बाहेर. तिसरा मजला आहे, आई!

बाप : पेटी हलव तिथून.

मुलगी : हलवली. आता खुर्ची ढकलत नेतो. दहा महिन्यांचा झालाय. तुम्ही खिडकीचं माप घेतलं तेव्हा कुशीवरसुद्धा वळत नव्हता.

आई : आत्ता कुणाजवळ आहे?

मुलगी : त्याच्या आत्याजवळ. सकाळपासून खिडकीला पाठ लावून बसलीये बिचारी.

आई : ऐकलंत? चाळीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना ग्रिल बसवलीत, आणि लेकीची खिडकी उघडी.

बाप : करतो म्हटलं ना.

आई : कधी? सकाळपासून तीनदा गच्चीवर जाऊन आभाळ बघून आलात. परवा चर्चच्या उपासनेतही मान वर. पाळकांना वाटलं, छत गळतंय.

मुलगी : आई, थांब गं. बाबा, बसा ना जरा. किती येरझाऱ्या घालाल?

बाप : बसवत नाही. लढाया, भूकंप, रोज काही ना काही. प्रभू कुठल्या घटकेला परत येऊन आपल्या माणसांना वर उचलून नेईल, नेम नाही.

मुलगी : येऊ दे की. मीही वाट बघतेच आहे. म्हणून पोराला पडू द्यायचं?

बाप : असं अभद्र बोलू नकोस!

मुलगी : मग सांगा तरी. लोखंड नाही? वेल्डिंगचं मशीन बिघडलंय? का आमच्या ह्यांचं काही मनाला लागलं?

बाप : जावयाचं काय लागायचंय. ग्रिल तयार आहे.

आई : काय?

बाप : चार महिने झाले. शेडमध्ये, पत्र्यामागे. मधले दोन गज तेवढे लावले नाहीत.

मुलगी : का?

बाप : त्यानं हाक मारली, तर पोरानं वर जायचं कुठून?

(आई आणि मुलगी एकमेकींकडे बघतात.)

बाप : हसा. मलाही कळतं, वेडेपणा आहे. पण ते दोन गज हातात घेतले की वाटतं, माझ्याच हातानं नातवाला कोंडतोय. म्हणून आणलं नाही.

मुलगी : कोण हसतंय? बाबा, वधस्तंभानंतर शिष्य भीतीनं दारं लावून बसले होते, तेव्हा प्रभू आत आलाच ना? कडी काढली होती कुणी?

बाप : नाही.

मुलगी : मग तुमचे गज त्याला अडवतील? तो न्यायला येईल तेव्हा नेईल. पण आज पोर कुणाच्या हवाली केलंय त्यानं?

बाप : आपल्या.

आई : आणि तो आल्यावर तुम्ही गच्चीवर सापडायचं की कामावर, तेही ठरवा.

बाप : पुरे गं. जावयाला फोन लाव, मशीन उचलायला एक माणूस हवा. तिथंच जोडतो.

मुलगी : आत्ता?

बाप : आत्ताच. पोराच्या डोक्याची रुंदी किती असेल?

मुलगी : कधी मोजली नाही.

बाप : गेल्या गेल्या मोजू. गजांत त्याहून कमी जागा ठेवायला हवी. आणि मी शेवटचा गज जोडेपर्यंत तू त्याला मांडीवरून खाली सोडू नकोस.