पुकार तीनदा असते, राजेहो!

...अन् एकच पुकार! एकच! तुमाले सांगतो राजेहो, तिथंच माहं डोकं सटकलं. मी रुपराव, बत्तीस वर्षं कोर्टात चपराशी होतो, साहेबाच्या दरवाज्यात पट्टा लावून उभा राहाचो अन् अशी पुकार द्याचो का लिंबावरचे कावळे उडाचे... 'फलाना वल्द फलाना, हाजिर होऽऽ!' एकदा, दोनदा, तीनदा! पक्षकार पानठेल्यावर असन, मुतारीत असन, त्याले धावत याले टाइम नको काय? अन् टीव्हीवरच्या कोर्टातला तो चपराशी एकदाच पुकारते, अन् मुजरिम हजर! पुकार तीनदा असते गा!

पयले असं नव्हतं. 'दफा और दलील', दर इतवारी सकाळी दहाले, काय सीरियल होती बाप्पा! साक्षीदार अडखळे, वकील कागद हुडके, बिलकुल खऱ्या कोर्टावानी. माह्या घरी गल्ली जमे, समोर खुर्चीवर कापडाच्या दुकानातले गोपाळराव, दरवाज्यात ताराचंद टेलर. मंग कोणाची नजर लागली काय माहीत! वकील बदलला, नाव तेच, तोंड दुसरं, अन् कोर्टात कोणी विचारलंबी नाही! जजसाहेबाले जुडवा भाऊ निघाला. साक्षीदार बाई कटघऱ्यात गाणं म्हणे... भर कोर्टात! आमची अनुसया म्हणे, "अजी, एवढा राग येते तं पाहता काहून?" आता हे काय विचारणं झालं? पहिल्या दिवसापासून पाहून राहिलो, सोडू कसा?

तं मी सीरियलवाल्याइले चिठ्ठी लिहिली. 'महाशय, पुकार तीनदा असते. नावासंगं बापाचं नाव घ्या, राहाचं ठिकाण घ्या.' खाली माही सही, रुपराव वल्द जागेश्वर, साकीन गांधीबाग, नागपूर. अन् साक्षीदार म्हणून गोपाळरावची अन् ताराचंदची सही घेतली, वल्दसकट, पत्त्यासकट. साक्षीदाराबिगर अर्ज चालते काय? बत्तीस वर्षांची सवय, हात थांबते कुठं!

महिन्याभरात सुधारणा झाली ना! मी खूश! तो चपराशी बाहेर आला, सरळ आमच्याकडं तोंड करून उभा राहिला. तेव्हा पयल्यांदा माह्या ध्यानात आलं, ह्या माणसाची पापणीच लवत नाही. अन् म्हणते कसा, "गोपाळराव वल्द महादेव, साकीन गांधीबाग, नागपूर... हाजिर होऽऽ!" एकदा, दोनदा, तीनदा! सारे हासले. गोपाळराव चहाचा कप घेऊन उठले, "हाजिर हाये साहेब!" अन् टीव्हीतलं अख्खं कोर्ट, जज, वकील, मागच्या बाकावरचे लोकं, सारे मान वळवून आमच्याकडं पाहाले लागले. पाहून राहिले, पाहून राहिले... मंग गाणं लागलं.

सोमवारी दुपारी गोपाळराव दुकानात कापड मोजता मोजता गेले. गज हातात तसाच.

अनुसया उमरेडकडची. ती कोपऱ्यात बसून म्हणे, "आमच्याकडं कोणी पहिल्या हाकेले ओ देत नाही. तिसऱ्या हाकेची वाट पाह्यतात. भुताले तीनदा हाक मारता येत नाही ना! अजी, म्हणून त्याले एकच येत होती... बाकीच्या दोन तुमी शिकवल्या."

आता सांगा! पुकार तीनदा असते, हे मी चुकीचं सांगितलं काय?

दुसऱ्या इतवारी ताराचंदचं नाव. त्यानं तोंडात कापडाचा बोळा कोंबला, घामानं ओला झाला, पण चूप! तीन पुकारी झाल्या. जजनं हातोडा आपटला, "गैरहाजिर. एकतरफा फैसला." मंगळवारी ताराचंद मशीनवर बसल्या बसल्या गेला. लोकं म्हणतात, मशीनचं चाक तो गेल्यावरबी फिरून राहिलं होतं. मले रडू आलं राजेहो. त्या सह्या मी घेतल्या होत्या, मी!

मंग माही पाळी, दुसरं काय! तिसऱ्या इतवारी अनुसयानं टीव्हीचं लाकडी शटर बंद केलं, प्लग काढला, वरून गोधडी टाकली. लाइटबी गेली गल्लीतली. दहा वाजले... अन् गोधडीखालून, "रुपराव वल्द जागेश्वर..." अन् काय आवाज लावला होता! 'हो' लांबवला तो बिलकुल माह्यावानी! भेव वाटून राहिलं होतं अन् मनात म्हणून राहिलो, शिकला पोट्टा! दुसरी पुकार. अनुसयाचा हात माह्या तोंडावर. ओ द्यावी तं गोपाळराव, नाही द्यावी तं ताराचंद! कराचं काय माणसानं?

अन् बत्तीस वर्षांचं कोर्ट माह्या डोळ्यासमोरून गेलं. जे जिंकले ते गेले, जे हरले ते गेले. टिकले कोण? तारखावाले! तिसरी पुकार संपली, तसा मी अनुसयाचा हात काढला अन् बोंबललो, "साहेब, माहा वकील बिमार हाये! तारीख द्या!"

गोधडीखाली कागद चाळल्याचा आवाज... मंग कोणीतरी खाकरलं. "अगली तारीख, अगला इतवार."

चौदा महिने झाले. कदी वकील बिमार, कदी वकिलाची सासू वारली, कदी कागदाची नक्कल भेटली नाही. दर इतवारी आंघोळ करून, टोपी घालून टीव्हीसमोर उभा राहतो. बसू शकत नाही ना, कोर्ट हाये! अन् सीरियल? नाव काढू नका! वकील तिसरा आला, जजचा जुडवा भाऊ चोर निघाला, परवा तं कटघऱ्यात लग्न लागलं! गल्ली म्हणते, हे भंगार बंद काहून होत नाही? पेपरात आलं, लोकं कंटाळले, लवकरच शेवटचा भाग. शेवटचा भाग! तुमाले समजते काय राजेहो? शेवटच्या भागात साऱ्या केसेसचा निकाल लागते!

म्हणून कालच नवी चिठ्ठी टाकली. 'महाशय, सीरियल अत्यंत उत्तम. एकबी चूक नाही. आणखी वीस वर्षं चालवा. गाणेबी लय चांगले हायेत.'