हॉलमधला कॅमेरा

इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात जुना राउटर परत करायला आलेलं एक म्हातारं जोडपं रांगेत माझ्या पुढे उभं होतं.

"नव्या कंपनीचं नेट मस्त पळतंय, नाही?"

"पळतंय. पण हॉलमधला कॅमेरा बंद आहे."

"अगं, मग बोलायचं नाही का? आपण तिकडे दिसावं म्हणून तर पोरानं तो बसवला. काळजीत असेल तो."

"नवीन नेट जोडलं, त्याच दिवशी बंद पडला. त्याला नवा पासवर्ड द्यावा लागतो म्हणे."

"म्हणजे महिना झाला की. आणि मी रोज सकाळी कॅमेऱ्याला गोळी दाखवून तोंडात टाकतोय."

"बघत होते मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"म्हटलं, आपण दिसेनासे झालो की त्याचाच फोन येईल."

"कामात असेल गं. थांब, आत्ताच लावतो फोन. सांगतो, कॅमेरा बंद पडलाय म्हणून."

"लावा. कधीपासून बंद आहे, असं विचारलं तर काय सांगाल?"

"कालपासून म्हणेन."