मोकळ्या डोक्याने डोंगर

मला म्हातारी समजून बाकावर बसवायला निघाले होते, त्याचं ऐका. सुनेच्या माहेरी गेलो होतो, तर विहीणबाई आम्हाला शहरातल्या तळ्याच्या बागेत घेऊन गेल्या. तळ्यामागे डोंगर, त्यावर चालायच्या वाटा. पहिल्याच चढावर माझा तोल गेला. मुलगा म्हणाला, "आई, तू खाली तळ्याकाठी बस. आम्ही येतो जाऊन."

आता डहाणूहून एवढ्या लांब काय बाकावर बसायला आले होते? म्हटलं, "पाय ठीक आहेत माझे. डोकं मोकळं आहे म्हणून डुलतेय."

चाळीस वर्षं मासळीची पाटी घेऊन धाकट्या डहाणूपासून सरावलीपर्यंत दारोदार फिरले. बिनओझ्याची चाल मला येतच नाही. मुलाच्या गळ्यातला टॉवेल घेतला, चुंबळ केली आणि जेवणाच्या डब्यांची पिशवी डोक्यावर ठेवली.

विहीणबाई हळूच म्हणाल्या, "अहो, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. इथे मला ओळखतंय कोण?"

मग जी निघाले, ती दोन्ही हात सोडून, सरळ. दुसऱ्या वळणाला मागे पाहिलं तर विहीणबाई दगडावर बसून धापा टाकत होत्या. मी चार पावलं खाली आले. त्यांनी मुलाची नजर चुकवून आपली पर्स माझ्यापुढे धरली. "एवढी घ्याल का वर?"

मी म्हटलं, "घेते की. पण विहीणबाई, जड आहे ते तर दगडावरच बसलंय."