नैवेद्याआधी चाखायचं नाही

हसू नको गा, पण फ्रान्समधल्या त्या स्वयंपाकाच्या परीक्षेत मी लय मन लावून सूप बनवलं होतं. नापास झालो, तर कॉलेजचं एक्सचेंज तिथंच खतम अन् सीधा घरी, मनीषनगरात वापस.

शेफ माह्या सूपसमोर येऊन उभा राहिला. "चाखलं काय?"

"नाही."



"काहून?"

"आमच्या घरी देवाले नैवेद्य दाखवल्याबिगर कोणी चाखत नाही. आईले तर वासावरूनच मीठ समजते. मलेही समजते."

त्यानं एक चमचा तोंडात घातला. मग दुसरा चमचा माह्या हाती दिला.

"तुह्या देवाचं जेवण झालं. आता तू चाख."

चाखलं. मी मीठ टाकलंच नव्हतं.