कुणी बाद होत न्हाई असा खेळ

लिहायला बसलो खरा, पण भीती वाटते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच; दुसऱ्याचं आयुष्य कागदावर उतरवायचा मला काय अधिकार? चुकलं तर माफ करावं. नामदेवमामा, आईचे चुलतभाऊ, ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या साखरशाळेत खेळ शिकवायचे. ते बोलले तसंच इथे ठेवलं आहे.

आमी मूळ तलवाड्याचे. आईबापाचा कोयता, म्हंजी ऊस तोडायला नवराबायकोची जोडी, तो एक कोयता. मीबी बारावीनंतर चार हंगाम तोडला, मग कंबर गेली. माजलगावकडं एका सहकारी कारखान्याची साखरशाळा होती, तिथं मला खेळाचा तास मिळाला. काय सांगू तुला, पोरं लई चपळ, पण शर्यत लावली की मंगल नावाची पोरगी एकटी भिंतीला. तिचा पाय बैलगाडीखाली आलता. लंगडीत, कबड्डीत ती आधीच बाद. म्हणून मी असे खेळ काढले ज्यात कुणी बादच होत न्हाई. जुनं लुगडं घ्यायचं, सगळ्यांनी कडा धरायच्या, मधी चेंडू, आन मिळून तो फिरवायचा, पडू द्यायचा न्हाई, एकाचा हात दमला तर शेजारच्यानं उचलून धरायचं. मंगल बसून धरायची, पण धरायची.

शाळेवर कारखान्याचे एक साहेब देखरेखीला. म्हणले, गुरुजी, यात जिंकलं कोण? म्हणलं, सगळे. म्हणले, मग चेअरमनसाहेबांनी बक्षीस कुणाला द्यायचं, लुगड्याला? सगळे हसले, मीबी हसलो, काय करतो. म्हणले, एकदा बघतो, न्हाई पटलं तर हा तास बंद, शर्यती घ्या. शर्यती म्हंजी मंगल परत भिंतीला.

ते बघायला आले आन नेमका टँकर आला. दुष्काळाचं साल, पाणी सोडून कसं चालंल, मी दोन घागरी भरून आलो तर काय बघतो, त्यातलाच एक पोरगा, बाल्या, लुगडं सोडून बाहेर हुबा, कमरेवर हात, आन वरडतोय, ए उचला बे, न्हाईतर आजचा खाडा मांडीन! पोरांनी मुकादम नेमलता, अरे मुकादम! आन मंगलला त्यानं उठवून दिलती, म्हणला ही अर्धाच कोयता, टोळीत नको. मी म्हणलं, कावून रे? तर म्हणतो, गुरुजी, टोळी हाय तर मुकादम लागतोच की. साहेब पोट धरून हसले. म्हणले, पोरांना तुमच्यापरीस जास्त कळतं. तास बंद.

बाल्याला काय बोलू? जलमल्यापासून त्यानं दुसरं बघितलंच न्हाई. पण दहा दिवस मिळाले असते तर मी त्यालाच मंगलशेजारी कड धरायला लावली असती, दहाच दिवस, जास्त न्हाई मागितले. साहेबाकडं अर्ज केला, दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा केला. मंगल रोज इचारायची, गुरुजी, लुगडं कधी काढायचं? मी म्हणायचो, साहेब सांगतील. तेवढ्यात उसाचे फड वाळले, कारखान्याचा पट्टा लौकर पडला, हंगाम संपला, टोळ्या गेल्या. मंगल नांदूरघाटाकडं गेली म्हणतात.

आन परवा कारखान्यातल्या कारकुनाचा फोन आला. म्हणला, गुरुजी, पेढे द्या, तुमच्या खेळाचा तास मंजूर झाला. म्हणलं, आन शाळा? म्हणला, अवंदा ऊसच न्हाई, शाळा भरायची न्हाई. म्हणलं, मग तास घेऊ कुणाचा? कागद चाळल्याचा आवाज आला. म्हणला, त्याचं पत्रात काय लिहिलं न्हाई.