फोनमधला राखणदार

बारामतीहून इंदापूरला निघालेल्या एसटीत तुळसाच्या पुढच्याच बाकावर नवरा-बायको बसले होते.

"तुमीच म्हनला हुता ना, माझ्या फोनमधी अँटीव्हायरस टाकलाय?"

"व्हय. व्हायरस शिरू नये म्हनून."

"मोबाइलवाला हसला. म्हनला, 'नीट वापरला तर फोनला अँटीव्हायरस लागतच न्हाय, वहिनी. आन् ह्यो अँटीव्हायरस न्हायच. तुमचे मेसेज दुसऱ्या फोनवर जात्यात.'"

"करुणा, हळू. लोक ऐकत्यात."

"ऐकू दे की! वर्षभर चोरून वाचलंस, तवा लाज न्हाय वाटली तुला?"

"काळजी वाटती गं तुझी."

करुणानं फोन त्याच्या मांडीवर आपटला आणि ती उठून मागं आली. तुळसा तिला जागा देत खिडकीकडं सरकली.

"अगं, कुठं चाललीस?"

"फोनला इचार."